नांदेड-लातूरला पाहण्यासारखं काय आहे?

मागच्या दिवाळीनंतर पुण्याहून भाच्याचा फोन आला. त्याच्या ऑफिसातले तीन मित्र नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला यायचे होते. हाताशी दोन दिवस होते आणि दुसऱ्या दिवशी लातूरमार्गे परतायचं होतं. "मामा, दोन्ही गावं मिळून पाहण्यासारखी दहा ठिकाणं पाठव ना. जास्त इतिहास नको, नुसती यादी दे."

मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. वेरूळ-अजिंठा सोडला की आमच्याकडे बघण्यासारखं काही नाही, असं आम्हीच गृहीत धरलेलं असतं. पाहुणा आला की नांदेडकर म्हणतो, "गुरुद्वारा आहे बघा, बाकी काही नाही." लातूरकर म्हणतो, "आमच्याकडं शिकवण्या आहेत." २०११च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाख होती आणि लातूरची पावणेचार लाखांच्या वर. एवढ्या आकाराच्या गावांच्या याद्या सगळीकडे सारख्याच असतात. एक देवस्थान, एक किल्ला, एक तलाव, एक बाजार आणि नगरपालिकेची एक बाग.

माझं बालपण नांदेडचं आणि आजोळ लातूरचं. त्यामुळे यादी करायला दहा मिनिटं पुरतील असं वाटलं होतं. चार दिवस लागले. नऊ ठिकाणं पहिल्या संध्याकाळीच लिहून झाली. दहाव्याशी अडलो, आणि ते अडणं अजून पुरतं संपलेलं नाही. म्हणून हा लेख.

सचखंड आणि घाट

यादीत पहिलं नाव अर्थातच सचखंडाचं. गुरू गोविंदसिंग १७०८ साली बादशहा बहादूरशहाबरोबर दक्षिणेत आले. बादशहा निघाला होता तो स्वतःचा भाऊ कामबक्ष याच्याशी लढायला. गुरू नांदेडला थांबले, त्यांच्यावर एका पठाणाने वार केला आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजी त्यांचं इथेच देहावसान झालं. त्याआधी त्यांनी यापुढे देहधारी गुरू नसेल, ग्रंथच गुरू असेल, असं सांगितलं. एका धर्माच्या इतिहासातला इतका मोठा निर्णय गोदावरीच्या काठावर, मराठी मुलखात झाला. शाळेत असताना आम्हाला त्याचं विशेष काही वाटत नसे. आमच्यासाठी तो गुरुद्वारा म्हणजे लंगरची जाड पोळी आणि थंड फरशी.

आज दिसते ती सचखंडाची मूळ वास्तू महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतली. रणजितसिंह स्वतः नांदेडला कधी आले नाहीत. मुलूख निजामाचा होता आणि त्याचा कारभार पाहणारे चंदुलाल हे खत्री घराण्यातले होते. त्याच सुमारास पंजाबातले शीख सैनिक हैदराबादच्या चाकरीत आले. त्यांचे वंशज आज दखनी शीख म्हणून ओळखले जातात. माझ्या वर्गात त्यांच्यातली तीन मुलं होती. घरी पंजाबी, गल्लीत दखनी आणि फळ्यावर मराठी, अशा तीन भाषा ती सहज बदलत. शुद्धलेखनात त्यांच्यातला एक जण आमच्या सगळ्यांच्या पुढे असायचा.

पाहुण्यांना मी आवर्जून सांगतो की संध्याकाळच्या आरतीनंतर गुरूंची शस्त्रं दाखवतात, तेवढा वेळ थांबा. दिवाळीच्या सुमारास आलात तर तख्तस्नान पाहा. भाविक गोदावरीचं पाणी घागरींनी आणतात आणि तख्त धुतात. नदी आणि मंदिर यांचं हे नातं आपल्याला परकं वाटत नाही. आणखी एक गोष्ट मराठी माणसाने लक्षात ठेवावी. त्या ग्रंथात संत नामदेवांची ६१ पदं आहेत, आणि नामदेवांची नरसी इथून फार लांब नाही, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. एक मराठी संत पंजाबात गेला, त्याची वाणी ग्रंथात गेली, आणि त्याच ग्रंथाला गुरुगादी मिळाली ती पुन्हा त्याच्याच मुलखात येऊन.

यादीत दुसरं नाव घाटांचं. नगीना घाट, बंदा घाट आणि हिरा घाट. बंदा घाटापाशी माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता. गुरूंची त्याची भेट १७०८मध्ये झाली, त्याने वैराग्य सोडलं आणि तो बंदासिंग बहादूर होऊन पंजाबात गेला. तिथे त्याने मोगलांशी झुंज दिली आणि १७१६ साली दिल्लीत त्याला हाल करून मारण्यात आलं. घाटावर उभं राहिलं की या सगळ्याची कल्पना करणं कठीण जातं. नदी संथ असते, म्हशी डुंबत असतात.

ऑक्टोबर २००८मध्ये गुरुगादीला तीनशे वर्षं झाली. त्या निमित्ताने केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेतून पैसा आला. रस्ते रुंद झाले, पूल झाले, गुरुद्वाऱ्याभोवतीचा दाट वस्तीचा भाग मोकळा झाला. आज पाहुण्याला जे प्रशस्त आवार दिसतं, तिथल्या गल्ल्यांतून मी सायकल चालवलेली आहे. गाव देखणं झालं हे खरं. पण पाहण्यासारखं ठिकाण तयार होताना त्याच्या आजूबाजूचं काहीतरी उचलावं लागतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तिसरं नाव नंदगिरीच्या किल्ल्याचं. तिन्ही बाजूंनी गोदावरी, आत बाग आणि शहराच्या पाणीपुरवठ्याची जुनी व्यवस्था. किल्ला म्हणून त्याचा फार रुबाब उरलेला नाही. पण गाव मात्र फार जुनं. वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. तो इसवी सनाच्या चौथ्या शतकातला आहे. नांदीकडच्या उत्तर मार्गातलं एक गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे, आणि हे नांदीकड म्हणजे आजचं नांदेड. म्हणजे गावाचं नाव किमान सोळाशे वर्षं फारसं न बदलता चालत आलंय. एवढं टिकलेलं दुसरं काही या गावात नाही. उस्मानशाही मिलचा भोंगा नव्वद टक्के नांदेडची घड्याळं लावायचा असं माझे वडील म्हणत. ती मिलसुद्धा बंद पडून गेली.

वाटेवरचा कंधार

नांदेडहून लातूरला जाताना वाट थोडी वाकडी केली की कंधार लागतं. यादीत चौथं. किल्ला भुईकोट आहे, पण त्याचा खंदक पाहिल्यावर डोंगरी किल्ल्यांची सवय असलेला माणूसही गप्प होतो. राष्ट्रकूटांचं हे मोठं ठाणं होतं, आणि दहाव्या शतकातल्या तिसऱ्या कृष्णाचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. गावाजवळ क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे तुकडे आहेत. नुसतं पाऊल पाहिलं तरी मूर्ती केवढी असेल याचा अंदाज बांधता बांधता मान वर जाते. पुढे बहमनी आले, निजामशाही आली, मोगल आले. दरवाज्यांवर अरबी-फारसी शिलालेख चढले. गावात हाजी सय्याह यांचा दर्गा आहे, त्याच्या उरुसाला पंचक्रोशी लोटते. कंधारला कोणी एका राजवटीचं गाव म्हणू शकत नाही, आणि कंधारच्या माणसाला त्याची अडचणही वाटत नाही.

पाचवं नाव माळेगावच्या यात्रेचं, पण त्यापुढे मी कंसात 'मार्गशीर्षाच्या अखेरीस आलात तरच' असं लिहिलं. खंडोबाची यात्रा आहे. घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा बाजार भरतो, आणि भटक्या जमातींचे लोक लांबलांबून येतात.

लट्टलूर

लातूर जवळ आलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी शिकवण्यांचे फलक सुरू होतात. डॉक्टर झालेल्या मुलांचे फोटो, त्यांचे गुण, सरांचा हसरा चेहरा. पाहुणे याची चेष्टा करतात. त्यांना मी पापविनाश मंदिरात नेतो. तिथे चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या काळातला, बाराव्या शतकातला शिलालेख आहे. त्या वेळी या गावात पाचशे विद्वान राहत होते असं तो सांगतो. म्हणजे लातूर पॅटर्न आठशे-नऊशे वर्षांचा आहे, एवढाच विनोद मी करतो आणि पुढे जातो.

विनोद बाजूला ठेवला तरी गावाचं जुनेपण थक्क करणारं आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, म्हणजे श्रेष्ठ अशा लट्टलूर नगराचे स्वामी. वेरूळचं कैलास लेणं ज्यांनी कोरवून घेतलं त्यांचं मूळ गाव हे. लातूरकराला वेरूळ पाहताना न्यूनगंड वाटायचं काही कारण नाही. गावात सिद्धेश्वराचं देऊळ आहे, महाशिवरात्रीला त्याची यात्रा भरते. १९३९ साली बांधलेला सुरतशहावलींचा दर्गा आहे. ही यादीतली सहा, सात आणि आठ नंबरची नावं.

नऊ नंबरला मी किल्लारी लिहिलं. लिहिताना हात थांबला, कारण माणसं मेलेल्या जागेला प्रेक्षणीय स्थळ कसं म्हणायचं? तरी लिहिलं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावं दमून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. नांदेडला आम्ही फडताळातल्या भांड्यांच्या आवाजाने उठलो आणि मांजर असेल म्हणून पुन्हा झोपलो. सकाळी रेडिओवर कळलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंपाची तीव्रता ६.२च्या घरात होती. जगात याहून मोठे कितीतरी भूकंप कमी माणसं घेऊन जातात. इथे मारलं ते घरांनी. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचं, हातभर मातीचं ओझं. उन्हाळ्यात तीच माती घर थंड ठेवायची. दख्खनचं पठार स्थिर आहे, इथे भूकंप व्हायचे नाहीत, असा सगळ्यांचा समज होता. घरं त्या समजावर उभी होती.

पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, सुटी सुटी घरं. जुन्या गावातला ओटा, पार, बोळ, एकमेकांच्या भिंतीला भिंत, हे काही नव्या आखणीत आलं नाही. म्हाताऱ्या माणसांना बरीच वर्षं आपलं गाव सापडत नव्हतं. तरी किल्लारीत स्मारक आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरला तिथे माणसं जमतात, गेलेल्यांना श्रद्धांजली वाहतात. शाळेतल्या पोरालाही ती तारीख माहीत असते.

हे लिहून झालं आणि दहाव्या नावापाशी आलो.

गोलाई

दहावं नाव गंज गोलाई. खरं तर लातूरची यादी तिथूनच सुरू व्हायला हवी. कुठल्याही लातूरकराला विचारा, तो गावाची ओळख गोलाईनेच करून देईल. १९१७ साली बांधलेली दुमजली गोल इमारत, भव्य दरवाजे, मधोमध अंबाबाईचं देऊळ, आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. आराखडा फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराचा. एकेका रस्त्याला एकेक बाजार आहे. सराफा, कापड, भांडी, मिरची, गूळ, किराणा. लहानपणी आजीचा हात धरून मी गोलाईत फिरलोय. कुठल्या रस्त्याने आत शिरलो ते विसरलं की माणूस गोल गोल फिरत राहतो. आजी वासावरून रस्ता ओळखायची.

ही गोलाई का झाली याचं कारण रेल्वेत आहे. १९०० सालाच्या सुमारास नांदेडला गाडी आली ती निजामाच्या मुलखातून, हैदराबाद-गोदावरी खोऱ्याच्या लाइनीने. नांदेडचं तोंड त्यामुळे हैदराबादकडे राहिलं. लातूरला गाडी आली १९११मध्ये, आणि ती बार्शी लाइट रेल्वे नावाच्या छोट्या कंपनीची, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून. बार्शी इंग्रजांच्या राज्यात, लातूर निजामाच्या. या चिमुकल्या गाडीने निजामाच्या मुलखातला कापूस, गळिताची धान्यं आणि डाळी मुंबईच्या वाटेला लावल्या. माल आला, मागोमाग व्यापारी आले. मारवाडी आले, लिंगायत पेढ्या वाढल्या, आणि कच्छहून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी मोठी घरं उभी केली. सहा वर्षांत गोलाई बांधावी लागली. त्याच स्टेशनाच्या गावाला शंभर वर्षांनी, एप्रिल २०१६मध्ये, मिरजेहून रेल्वेने प्यायचं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होतं. ते पाहायला तर देशभरातले कॅमेरे आले होते.

पण गोलाईचा इतिहास सांगताना आम्ही १९१७वरून उडी मारून थेट आजच्या डाळीच्या भावावर येतो. मधलं एक वर्ष गाळतो.

१९४८चा पहिला अर्धा भाग आम्ही गाळत नाही. तो पाठ आहे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातुरात वकिली करत होता. नांदेड जिल्ह्यात अर्जापूरला २९ ऑक्टोबर १९४६ रोजी गोविंदराव पानसरे मारले गेले. रझाकारांनी गावं लुटली, जाळली. लोक हद्दीपलीकडच्या छावण्यांत गेले. ३० जानेवारी १९४८ला, दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली आणि त्या पैशाचा हिशेब चोख ठेवला, हे आम्ही अभिमानाने सांगत आलो. स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आमच्या विद्यापीठाला आहे. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. तो दिवस आम्ही मुक्तिदिन म्हणून साजरा करतो आणि केलाच पाहिजे. ती लढाई खरी होती. तिच्यात माझ्या वडिलांचे काका तुरुंगात होते.

त्यानंतरच्या दिवसांचं काय झालं, हे मी चाळिशी ओलांडल्यावर वाचलं. पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांच्या बातम्या दिल्लीला पोहोचल्या, तेव्हा नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना हैदराबाद संस्थानात पाठवलं. नोव्हेंबर आणि डिसेंबर १९४८मध्ये ते सोळापैकी नऊ जिल्हे फिरले. त्यांनी अहवाल दिला. तो अनेक दशकं सरकारी कपाटात राहिला, आणि २०१३मध्ये दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात वाचायला खुला झाला. संपूर्ण संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वात जास्त झळ लागलेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड.

लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. अहवालात लातूरचा वेगळा उल्लेख आहे. मोठ्या कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांचं हे गाव. इथे कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान होते, समिती आली तेव्हा जेमतेम तीन हजार उरले होते. हजारावर मारले गेले, बाकीचे जीव घेऊन पळाले आणि धुळीला मिळाले.

त्याच अहवालात दुसरीही बाजू आहे. आधीच्या महिन्यांत रझाकारांनी काय केलं ते त्यात लिहिलेलं आहे. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचवताना मेलेले हिंदू त्यात आहेत. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना पाठीशी घातलं, पळवलेल्या बायका परत मिळवायला अनेक हिंदूंनी मदत केली, हेही आहे. म्हणजे त्या वीस दिवसांतही काय करायचं हे ठरवणं माणसांच्या हातात होतं.

आणि कासिम रझवी? त्याच्यावर खटला चालला, शिक्षा झाली, १९५७मध्ये सुटला, पाकिस्तानात गेला आणि १९७०मध्ये कराचीत वारला. ज्याने आग लावली तो अंथरुणात मेला. गोलाईच्या सोळा रस्त्यांवरच्या दुकानदारांचा, हमालांचा, त्यांच्या बायकामुलांचा हिशेब मात्र भलत्यांनीच चुकता केला.

घंगाळ

आता घरातली गोष्ट. लातूरच्या आजोळी न्हाणीघरात तांब्याचं एक मोठं घंगाळ होतं. दोन कड्यांचं, काठाला वेलबुट्टी, चिंचेने घासलं की लखलखायचं. दिवाळीत पहिली आंघोळ त्यातल्या पाण्याने. काठाखाली नाव घातलेलं होतं, जसं आपल्याकडे सगळ्याच भांड्यांवर घालतात. पण त्या अक्षरांना शिरोरेषा नव्हती. मी नुकता वाचायला शिकलो होतो. मला वाटायचं, नाव घालणारा कासार वरची रेघ द्यायला विसरला. मी आजीला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "ते जुनं आहे रे. पोलीस ॲक्शनच्या साली घेतलेलं. मोडीच्या भावानं मिळालं."

"कोणाकडून?"

"बाजारातून."

आजी प्रेमळ बाई होती. दारात आलेला माणूस उपाशी गेला नाही तिच्या. तिने त्याहून जास्त कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे कॉलेजात एका गुजराती मित्राने ते नाव वाचून दाखवलं. एका माणसाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आणि खाली लातूर. कच्छी व्यापारी हिशेब गुजरातीत ठेवत. रेघ कोणी विसरलं नव्हतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते माझं नाही, आणि त्याची माणसं कुठेतरी असतील.

ते घंगाळ माझ्या आजोबांनी लुटलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी ते पैसे देऊन घेतलं असणार. पण त्या साली लातूरच्या बाजारात तांबं मोडीच्या भावाने का मिळत होतं, हे त्यांना ठाऊक नसणं शक्य नव्हतं. एवढंच मला म्हणता येतं. मुक्तिसंग्रामात तुरुंगात गेलेले काकाही आमचेच, आणि घंगाळही आमचंच. एक आम्ही भिंतीवर फोटो लावून सांगितलं, दुसरं न्हाणीघरात ठेवलं.

भाच्याचे मित्र आले. पहिल्या दिवशी गुरुद्वारा, घाट, किल्ला. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर कंधार करून लातूरला गेलो. किल्लारीला जायला वेळ उरला नाही. गोलाईत पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गूळ, मिरची, अत्तर, सगळे वास आजीच्या वेळचेच. अंबाबाईचं दर्शन झालं, फोटो झाले. तिघांतला एक जण सोळा रस्ते मोजत होता. मोजून झाल्यावर त्याने सहज विचारलं, "काका, इथे काय काय झालंय?"

मी सांगितलं. रेल्वेपासून सुरुवात केली, फैयाजुद्दीन सांगितले, रझवी सांगितला, उमरीची बँक सांगितली, मग ते वीस दिवस सांगितले. चहाच्या गाड्यावर उभे होतो. चहावाला ऐकत होता, तो म्हातारा होता. माझं झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "माझा बाप सांगायचा. पण गिऱ्हाइकापुढं नाही." पैसे मात्र त्याने चारही जणांचे घेतले आणि सुटे परत दिले.

सोळापैकी एकाही रस्त्यावर त्या वर्षाची पाटी नाही. मोठं स्मारक बांधा असं माझं म्हणणं नाही. स्मारकांचं पुढे काय होतं ते मी पाहिलेलं आहे. पण किल्लारीत आपण मेलेल्यांची तारीख लक्षात ठेवू शकलो, कारण तिथे मारणारी जमीन होती. जमिनीवर राग धरता येत नाही आणि तिची लाजही वाटत नाही. गोलाईची तारीख लक्षात ठेवायची तर लाजेसकट ठेवावी लागेल. सतरा सप्टेंबरला झेंडा लावून झाल्यावर तेवढं करायला काय हरकत आहे? त्याने मुक्ती उणी होत नाही.

ते घंगाळ आजीनंतर आईकडे आलं आणि आईने ते माझ्या बहिणीला दिलं. आज ते पुण्यात तिच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या कोपऱ्यात आहे. त्यात कापडी फुलं असतात. भाचा त्याच्या शेजारी बसूनच मला यादी मागत होता.

मित्र परतल्यावर भाच्याचा पुन्हा फोन आला. "मामा, ते म्हणाले तू गोलाईत काहीतरी सांगितलंस. यादीत तर ते नव्हतं." मी त्याला फुलं बाजूला काढून घंगाळाच्या काठाखाली काय आहे ते बघायला सांगितलं. फोन चालूच होता. बराच वेळ भांडं सरकवल्याचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "मामा, याला वरची रेघच नाहीये."